फी भरली, आता पुढं काय? चेंबरचं सभासदत्व कामाला कसं लावायचं

आम्ही औंधच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. आम्ही अकरा जणी मिळून कांदा-लसूण चटणी करतो, उन्हाळ्यात कुरड्या, शेवया, सांडगे करतो. पण आज चटणीची कृती सांगणार नाही. आज एका पावतीची गोष्ट सांगणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही व्यापाऱ्यांच्या एका चेंबरचे सभासद झालो. गटाच्या खात्यातनं अडीच हजार रुपये भरले. प्रमाणपत्र आलं, ते चौकट करून भिंतीवर लावलं. मोबाईलच्या ग्रुपवर आमचा नंबर घेतला गेला, रोज सकाळी फुलांचे फोटो यायला लागले. एका मेळाव्याला गेलो, शेवटच्या ओळीत बसलो, चहा पिऊन आलो. वर्ष संपलं आणि पुढच्या फीची नोटीस आली.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये जोरात वाद झाला. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "आगं, त्या पैशात दहा-बारा किलो मिरची आली असती. ह्या कागदानं काय दिलं आपल्याला?" कुणालाच उत्तर सुचेना. मग सचिवानं वही उघडली आणि विचारलं, "काकू, आपण त्यांच्याकडं वर्षात काय काय मागितलं, ते सांगा. मी लिहून घेते."

लिहायला काहीच निघालं नाही. आम्ही काही मागितलंच नव्हतं.

शेवटी ठराव झाला की अजून एक वर्ष फी भरायची, पण वेगळी वही घालायची. एका बाजूला चेंबरसाठी झालेला खर्च, दुसऱ्या बाजूला चेंबरमुळं झालेला फायदा. वर्षअखेर दोन्ही बाजू वाचायच्या आणि मग पुढची फी भरायची की नाही ते ठरवायचं. त्या वर्षात जे शिकलो ते आज तुमच्यापुढं मांडतोय.

चेंबर म्हणजे काय, आणि काय नाही

चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे धंदा करणाऱ्यांनी धंद्यासाठी काढलेली सभासद संस्था. ही सरकारी कचेरी नाही, बँक नाही आणि अनुदान वाटणारं खातंही नाही. आपल्या देशात ही पद्धत जुनी आहे. मुंबईत बॉम्बे चेंबर १८३६ साली निघालं, ते मोठ्या व्यापारी पेढ्यांचं होतं. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र चेंबर निघालं. पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर निघालं. आणि आपल्याच सातारा जिल्ह्यात माणदेशी फाउंडेशननं छोट्या धंद्यातल्या बायांसाठी वेगळं चेंबर काढलं. म्हणजे 'ते मोठ्या लोकांचं काम' असं म्हणून मागं सरायचं कारण आता राहिलं नाही.

मग चेंबर देतं काय? साधारण चार गोष्टी. एक, ओळख. गिऱ्हाईक, दुकानदार, माल पुरवणारा एका छताखाली भेटतो. दोन, माहिती. नवीन नियम, योजना, प्रदर्शन आधी कळतं. तीन, पत. अनोळखी दुकानदार आपल्याला ओळखत नसतो, पण चेंबरला ओळखतो. चार, आवाज. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो, दोनशे सभासदांचा अर्ज साहेबाला वाचावा लागतो.

ओळखीची आणि पतीची किंमत किती असते, हे आपल्या औंधच्या माणसाला सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतं. तिथं लोखंडी नांगर तयार झाले, पण सुरुवातीला घ्यायला कोणी पुढं येईना. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. माल चांगला होता, पण चांगला माल लोकांना पटायलाही वेळ लागतो. तोवर जागा देणारा आणि शब्द टाकणारा कोणीतरी पाठीशी लागतो. किर्लोस्करांच्या पाठीशी राजा होता. आपल्या पाठीशी राजा नाही. आपल्याला आपल्यासारख्याच धंदेवाल्यांची साथ मिळवावी लागते, आणि त्यासाठी ही संस्था असते.

पण एक लक्षात ठेवा. फी भरली की फक्त दार उघडतं. आत जाऊन बोलायचं काम आपलंच.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

आम्ही न विचारता फी भरली होती, तुम्ही तसं करू नका. आधी एवढं विचारा.

संस्था नोंदणीकृत आहे का, आणि फीची छापील पावती मिळते का? फी एकदाच भरायची की दरवर्षी? पूर्ण गटाच्या नावावर एक सभासदत्व मिळतं की प्रत्येकीला वेगळं घ्यावं लागतं? सभासदाला वार्षिक सभेत मत आहे का? काही ठिकाणी कमी फीच्या सभासदाला मत नसतं, ते आधीच कळलेलं बरं. सभा कुठं आणि किती वाजता होतात? संध्याकाळी सातला साताऱ्यात सभा असेल तर औंधच्या बाईनं परत कसं यायचं? बायका सभासद किती आहेत, आणि कार्यकारिणीवर एखादी तरी आहे का?

आणि शेवटचा प्रश्न संस्थेला नाही, तिच्या जुन्या सभासदाला विचारायचा: "गेल्या वर्षात तुमचं कोणतं काम इथं झालं?" ज्याला एकही काम सांगता येत नाही, त्याच्याकडून दोन गोष्टी कळतात. एकतर संस्था झोपलेली आहे, नाहीतर सभासद झोपलेला आहे.

पिशवीत एक फाईल असू द्या

पहिल्या मेळाव्यात एका दुकानदारानं आम्हाला विचारलं, "तुमचं रेट कार्ड आहे का?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. तो पुढच्या टेबलावर गेला. तेव्हापासून आम्ही एक फाईल करून ठेवली आहे.

त्यात पहिला कागद उद्यम नोंदणीचा. ही नोंदणी आधार नंबरवर ऑनलाईन होते, बचत गटालाही करता येते, आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. कोणी हजार-दोन हजार मागितले तर समजा की ते पैसे त्या माणसाच्या खिशात जाणार. दुसरा कागद अन्न नोंदणीचा. चटणी, पापड, लोणचं, शेवया विकायच्या तर अन्न सुरक्षा खात्याकडं नोंद लागते. आम्ही छोट्या धंद्याची नोंदणी केली तेव्हा तिची फी वर्षाला १०० रुपये होती. पाकिटावर तो नंबर, वजन, तयार केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल हे छापलेलं असावं. मग पॅन कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि गटाचा ठराव. आणि सगळ्यात वर रेट कार्ड: पाव किलोचा भाव, किलोचा भाव, आणि दुकानदाराला घाऊक भाव. घाऊक भाव आधी घरी बसून काढा. मिरची, लसूण, खोबरं, तेल, डंकावर कुटायची मजुरी, पाकीट, एसटीचं भाडं आणि आपल्या अकरा जणींची मजुरी, सगळं धरून. समोरच्यानं घासाघीस केली की आपली मजुरी आधी सुटते, ही आपली जुनी खोड आहे.

फाईलबरोबर आणखी एक तयारी करा, ती म्हणजे एका मिनिटात ओळख सांगायची. आम्ही मीटिंगमध्ये घड्याळ लावून सराव केला. "आम्ही औंधच्या अकरा बाया. डंकावर कुटलेली कांदा-लसूण चटणी करतो. महिन्याला साठ किलो करू शकतो. उद्यम आणि अन्न नोंदणी आहे. आम्हाला किराणा दुकानं आणि खानावळी हव्या आहेत." एवढंच. कोण, काय, किती आणि काय पाहिजे. "आम्ही गरीब बाया आहोत, मदत करा" असं म्हणायचं नाही. ती वर्गणी मागायची भाषा आहे. चेंबरमध्ये आपण वर्गणीला जात नाही, धंद्याला जातो.

वर्षभर काय करायचं

पहिलं म्हणजे नेमाने जायचं, आणि नेहमी त्याच दोघींनी जायचं. आधी आम्ही दरवेळी वेगळीला पाठवत होतो, म्हणजे सगळ्यांना संधी. पण त्यामुळं आमची कोणाशीच ओळख होईना. आता दोघी वर्षभर जातात आणि येऊन बाकीच्यांना सांगतात. पुढच्या वर्षी दोघी बदलतील, पण एक जुनी राहीलच. एसटीत आता बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासाचा खर्चही आवाक्यात आला.

दुसरं, पुढं बसायचं आणि सभेला जाताना एक प्रश्न लिहून न्यायचा. एकच, पण नेमका. "काही योजना आहे का?" असं विचारलं तर "आहेत ना, बऱ्याच आहेत" असं उत्तर येतं. "अन्न प्रक्रियेच्या योजनेत गटाला कांडप यंत्रासाठी अर्ज करता येतो का, आणि जिल्ह्यात कोणाकडं करायचा?" असं विचारलं तर माणसाचं नाव आणि टेबल कळतं. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद केली होती. अशा योजनांची मुदत आणि अटी बदलतात. आज कोणती चालू आहे, हे विचारायचा हक्क आपण फी भरून घेतलेला असतो.

तिसरं, काहीतरी द्यायचं. हे आम्हाला उशिरा उमगलं. चेंबरचा मेळावा होता, जेवणाचं कुणी बघायला तयार नव्हतं. आमच्या दोघींनी नाष्ट्याची जबाबदारी घेतली, रीतसर बिल देऊन. त्या दिवशी शंभर लोकांच्या ताटात आमची चटणी गेली. शिवाय नोंदणीच्या टेबलावर बसलो, तर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, धंदा कानावर पडला. शेवटच्या ओळीत बसून वर्षभरात झाल्या नसत्या एवढ्या ओळखी दोन तासांत झाल्या.

चौथं, मेळाव्यानंतर आठ दिवसांत फोन करायचा. ज्यानं कार्ड दिलं, त्याला पाव किलोचं नमुना पाकीट पोहोचवायचं. ज्याला फोन केला नाही, तो आपल्याला विसरतो.

पाचवं, मत द्यायचं. १९३९ साली औंध संस्थानानं स्वराज्याची घटना स्वीकारली आणि कारभार गावच्या पंचायतीपासून वर न्यायचं ठरवलं, तेही देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी. अशा गावच्या बाईनं हातात मत असून वार्षिक सभेला जायचं नाही, हे काही शोभत नाही. हिशेब वाचायला मागा. कार्यकारिणीत जागा असेल तर उभं राहा.

अडकलेले पैसे

छोट्या धंद्याला बुडवतं काय, तर उधारी. आमची चटणी एका दुकानदारानं नेली आणि चार महिने पैसे दिले नाहीत. फोन केला की "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा. चेंबरच्या सभेत आम्ही हे बोलून दाखवलं, तेव्हा एका जुन्या सभासदानं कायदा समजावून सांगितला.

२००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आपल्यासारख्या माल तयार करणाऱ्यांना संरक्षण आहे. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर माल घेतल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडं ऑनलाईन करता येते. मात्र उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी, आणि बिल व माल पोचल्याची सही हातात असावी. दुसऱ्याचा माल घेऊन नुसता विकणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही.

आम्हाला तक्रार करावीच लागली नाही. चेंबरच्या मदतीनं एक साधं, नम्र पत्र लिहिलं. त्यात बिल नंबर, तारीख आणि या कायद्याचा उल्लेख केला. तीन आठवड्यांत निम्मे पैसे आले, बाकीचे दिवाळीपर्यंत. त्या दुकानदाराशी आता आम्ही रोखीनंच व्यवहार करतो. तेव्हापासून सहीशिवाय माल सोडायचा नाही, असा गटाचा नियमच झाला.

एकीचा आवाज

काही कामं एका गटाच्या आवाक्याबाहेरची असतात. आठवडी बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह, उन्हापावसाला आडोसा, यात्रेत स्थानिक गटांना जागा, बँकेत कर्जाच्या अर्जाला लेखी उत्तर. यासाठी चेंबरच्या नावानं निवेदन गेलं आणि सोबत पाच-सहा धंद्यांची माणसं असली की फरक पडतो.

एकजुटीनं काय होतं हे पाहायला लांब जायला नको. म्हसवडच्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर सहीच्या जागी कितीतरी अंगठे होते. बाया घरी परतल्या, लिहाय-वाचायला शिकल्या, आणि पुन्हा साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. व्याजाचा हिशेब तोंडी घाला, आम्ही करून दाखवतो, असं सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या विनवणी करायला गेल्या नव्हत्या. आपल्याला काय येतं ते त्यांनी दाखवून दिलं, आणि सगळ्या मिळून गेल्या.

सावध कुठं राहायचं

सभासद झाल्यावर फोन वाढतात. "तुमच्या गटाला कर्ज मंजूर झालंय, आधी फाईलचे पैसे भरा," म्हणणाऱ्याला नकार द्या. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, चेंबरचं नाव घेतलं तरी नाही. पुरस्कार देतो, पण स्मरणिकेत जाहिरात द्या म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. निवडणुकीच्या प्रचारात गटाचं नाव वापरू देऊ नका. आणि प्रदर्शनाचा स्टॉल घेण्याआधी भाडं, प्रवास, मुक्काम धरून किती किलो विकलं तर खर्च निघेल, हे काढूनच हो म्हणा. आम्ही एका लांबच्या प्रदर्शनात तोटा खाऊन बसलो. तेही वहीत लिहिलंय.

वहीची दुसरी बाजू

वर्ष संपलं. मीटिंगमध्ये सचिवानं वही वाचली. खर्चाची बाजू: फी २,५०० रुपये, एसटी आणि फोन १,४०० रुपये, त्या प्रदर्शनातला तोटा १,८०० रुपये. एकूण ५,७०० रुपये. फायद्याची बाजू: चेंबरमुळं जोडलेल्या दोन खानावळी आणि एक किराणा दुकान, त्यातून मजुरी सोडून उरलेला नफा ९,२०० रुपये. अडकलेले ६,००० रुपये वसूल झाले, पण ते आपलेच होते म्हणून नफ्यात धरले नाहीत. आठवडी बाजाराच्या निवेदनावर अजून काही झालेलं नाही, तेही लिहिलं.

म्हणजे निव्वळ साडेतीन हजार. अकरा जणींत वाटले तर फार होत नाहीत. सगळ्या काकूंकडं बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, "पैसं थोडं हाईत. पण ती दोन गिऱ्हाइकं पुढल्या वर्षी पण येणार न्हवं? मग भरा फी. आन् ह्या वेळी मी बी येते सभेला. म्होरं बसते."

प्रत्येक गटाचं उत्तर हेच येईल असं नाही. तुमचा माल गावातच हातोहात खपत असेल, तर कदाचित सभासदत्वाची गरजच नाही. सभा लांब होत असतील आणि तुमचं ऐकणारं कोणी नसेल, तर वर्षभरानं बाहेर पडा, त्यात कमीपणा नाही. पण निर्णय वही बघून करा, रागानं करू नका आणि भिडेखातरही करू नका.

या महिन्याच्या मीटिंगमध्ये एवढंच करा. तुमचा गट ज्या ज्या संस्थेचा सभासद आहे, त्यांची नावं वहीत लिहा. मग ते चेंबर असो, सोसायटी असो की प्रभाग संघ. प्रत्येक नावापुढं लिहा, गेल्या वर्षात आपण त्यांच्याकडं काय मागितलं. पान कोरं राहिलं तर पुढच्या सभेचा पहिला प्रश्न तिथंच, सगळ्या मिळून लिहून काढा.

येतो मैत्रिणींनो. डंकावर मिरची ठेवलीय. नमस्कार.